कासवाचा रस्सा आणि दहा सह्या

खेळाच्या मैदानावरच्या बायकांचा इतिहास आपण या कार्यक्रमात ऐकतो आहोत. आजची गोष्ट चीनमधल्या धावणाऱ्या मुलींची आहे. तीस वर्षं होऊन गेली तिला, पण ती अजून पुरती मिटलेली नाही. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

८ सप्टेंबर १९९३. चीनची राजधानी बीजिंग. तिथे त्यांच्या देशाच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा चालल्या होत्या. त्या दिवशी बायकांची १० हजार मीटरची शर्यत होती. म्हणजे दहा किलोमीटर, ४०० मीटरच्या गोल मैदानावर पंचवीस फेऱ्या. त्यात वांग जुनशिया नावाची वीस वर्षांची मुलगी होती. या अंतराचा जागतिक विक्रम तेव्हा नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियानसेनच्या नावावर होता. तिने १९८६ साली ३० मिनिटं १३ सेकंदांत हे अंतर कापलं होतं आणि सात वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नव्हता. वांगने ते अंतर २९ मिनिटं ३१ सेकंदांत संपवलं. जगात तोपर्यंत कुठल्याही बाईने ही शर्यत तीस मिनिटांच्या आत पुरी केली नव्हती.

विक्रम मोडतो म्हणजे काय होतं? बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांचा, फार तर चार-पाच सेकंदांचा फरक पडतो. इथे ४२ सेकंद कमी झाले. त्या शर्यतीतले शेवटचे ३ हजार मीटर वांग ज्या वेगाने धावली, तो वेग तेव्हाच्या ३ हजार मीटरच्या स्वतंत्र जागतिक विक्रमापेक्षाही जास्त होता. म्हणजे सात किलोमीटर पळून झाल्यावर दमलेल्या पायांनी ती जगात सगळ्यात वेगवान होती. तिच्यामागून दुसरी आलेली जोंग हुआनदी, तीसुद्धा जुन्या विक्रमाच्या आतच पोचली.

तीन दिवसांनी, ११ सप्टेंबरला, छू युनशियाने १५०० मीटरचा विक्रम मोडला. तो तेरा वर्षं जुना होता. १२ तारखेला ३ हजार मीटरच्या प्राथमिक फेऱ्या होत्या. त्यात आधी एकीने विक्रम मोडला, मग पुढच्या फेरीत वांगने त्याहून दहा सेकंद कमी वेळ दिला. आणि १३ तारखेच्या अंतिम शर्यतीत वांगने स्वतःचाच आदल्या दिवशीचा विक्रम पुन्हा सहा सेकंदांनी मोडला. ८ मिनिटं ६ सेकंद. सहा दिवसांत तीन अंतरांचे विक्रम गेले. आणि हे विक्रम मोडणाऱ्या साऱ्या मुली एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालच्या.

हा वेग केवढा होता ते आपल्या मापाने सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत तुम्हाला माहीत आहे. 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतात तिला. २०१० सालच्या आशियाई स्पर्धेत तिने याच १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक आणलं, तेव्हा तिला साधारण ३१ मिनिटं ५१ सेकंद लागले. आशिया खंडात दुसरी आलेली आपली कविता त्या दिवशीच्या वांगबरोबर धावली असती, तर वांग पोचली तेव्हा कविताच्या पावणेदोन-एक फेऱ्या बाकी राहिल्या असत्या. अर्थात एखादी फार वेगवान आहे म्हणून ती लबाड ठरत नाही. जगात आपल्यापेक्षा वेगवान माणसं असतातच. अंतराचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं.

या मुली होत्या कोण? बहुतेकजणी ईशान्य चीनमधल्या खेड्यांतल्या, शेतकरी कुटुंबांतल्या. तो थंड मुलुख आहे, मक्याचा आणि सोयाबीनचा. वांग जुनशियाचा जन्म जीलिन प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पुढे लिआओनिंग प्रांतात ती मा जुनरेन यांच्या हाताखाली आली. हे मा स्वतः काही मोठे धावपटू नव्हते, पूर्वी शाळेत व्यायाम शिकवत. चिनी लोक त्यांच्या मुलींना 'मा यांची फौज' म्हणत आणि कारभारही फौजेसारखाच होता. केस कापून बारीक ठेवायचे. नटणं-मुरडणं बंद. कुणा मुलाशी बोलणं-भेटणं बंद. रोज जवळपास मॅरेथॉनइतकं, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या घरात धावायचं. काही महिने छिंगहाई प्रांतातल्या उंच पठारावर नेऊन पळवायचं, कारण तिथे हवा विरळ असते. चुकलं तर मारही पडे. ते मारतात हे लपलेलं नव्हतं. 'बापासारखे आहेत, चांगल्यासाठीच करतात' अशी समजूत होती. ही समजूत आपल्याला नवी नाही.

बीजिंगच्या आधीच, ऑगस्ट १९९३ मध्ये, जगाने या मुलींना जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात पाहिलं होतं. तिथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. बायकांच्या १५००, ३००० आणि १० हजार मीटर, तिन्ही शर्यतींची सुवर्णपदकं मा यांच्या मुलींनी नेली. ३ हजार मीटरमध्ये तर पहिली छू युनशिया, दुसरी जांग लिनली, तिसरी जांग लिरोंग, सगळ्या त्यांच्याच. चौथी आली आयर्लंडची सोनिया ओ'सलिवन. वय २३, कॉर्क परगण्यातल्या कोव्ह नावाच्या बंदरगावची मुलगी. त्या वर्षी या अंतरात तिचं नाव सगळ्यात पुढे घेतलं जात होतं. चौथीला पदक नसतं. पुढे १५०० मीटरमध्ये ती दुसरी आली, तिथेही पहिली मा यांचीच ल्यू दोंग होती. हे नाव लक्षात ठेवा, कारण आजच्या गोष्टीत नुकसान झालेल्या बायका दोन्हीकडे आहेत.

पत्रकारांनी मा यांना विचारलं, हे कसं साधलं? त्यांनी सांगितलं, कासव. कासवाच्या रक्ताचा नि मांसाचा रस्सा मुलींना पाजतो आणि एक विशेष औषधी देतो. ही औषधी म्हणजे हिमालयाच्या उंच कुरणांत अळीच्या अंगावर उगवणारी बुरशी. आपल्याकडे उत्तराखंडात तिला 'कीडाजडी' म्हणतात. चीनमध्ये फार जुन्या काळापासून ती ताकदीची म्हणून खातात आणि ती सोन्याच्या भावाने जाते. मा यांनी शक्तिवर्धक पेयाची आपली कृती एका कंपनीला विकलीसुद्धा, आणि बाजारात ती खपलीसुद्धा. आपल्याकडे टीव्हीवर उंची वाढवणारी नि बुद्धी वाढवणारी पावडर विकतात, त्यातलाच प्रकार. कासवाच्या रश्श्याने पोट भरेल. ४२ सेकंद कमी होतील का?

मग कशाने होतील? इथे थोडं शरीराचं बोलू. तुम्हाला ते जड जाणार नाही, कारण आशाताई बोटाला टोचून जे तपासतात तेच हे. हिमोग्लोबिन. रक्तातल्या लाल पेशींमध्ये ते असतं आणि फुप्फुसातला प्राणवायू उचलून साऱ्या अंगाला पोचवण्याचं काम करतं. आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ भरतं, बाराच्या वर हवं असताना. अशी बाई पाण्याची घागर घेऊन चढण चढली की धापा टाकते, पायांत गोळे येतात. तिच्या अंगात ताकद नाही असं नसतं, ताकदीला लागणारा प्राणवायूच पोचत नाही. मग लोहाच्या गोळ्या, हिरव्या भाज्या, गूळ-शेंगदाणे, असं करत ती पातळी वर आणायची.

आता याचं उलट टोक बघा. निरोगी, तरुण धावपटूच्या रक्तात मुद्दाम आणखी लाल पेशी वाढवल्या तर? लांब पल्ल्याची शर्यत शेवटी प्राणवायूवरच ठरते. लाल पेशी वाढवा असा निरोप हाडांच्या आतल्या मगजाला द्यायला आपल्या मूत्रपिंडात एक द्रव्य तयार होतं. त्याचं छोटं नाव इपीओ. मूत्रपिंडं निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या रुग्णांना हे द्रव्य तयार होत नाही आणि त्यांचं रक्त घटतं. त्यांच्यासाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी ते प्रयोगशाळेत बनवून इंजेक्शनाच्या रूपात बाजारात आलं. गरजू रुग्णाला ते वरदान आहे. पण बाजारात आलेली वस्तू कुणाच्या हातात जाईल ते कोण सांगणार? सायकलपटू आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांच्यात ते फिरू लागलं. १९९० मध्ये त्यावर बंदी आली, पण ते शरीरात टोचलं आहे का हे ओळखायची चाचणीच नव्हती. ती पहिल्यांदा वापरली गेली २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकला. म्हणजे दहा वर्षं घराला कुलूप होतं आणि किल्ली दारालाच लटकलेली.

त्यात धोका असा, की लाल पेशी फार वाढल्या की रक्त दाट होतं, गुठळी होते, हृदयावर ताण येतो.

दुसरा प्रकार पुरुषी संप्रेरकांचा. टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं. ती घेतली की स्नायू लवकर सावरतात, आज चाळीस किलोमीटर पळून उद्या पुन्हा पळता येतं. पुरुषाच्या अंगात ती मुळातच भरपूर असतात. बाईच्या अंगात अगदी थोडी, म्हणून बाहेरून दिली की बाईवर परिणाम जास्त दिसतो. वेग वाढतो आणि बाकीचंही होतं. आवाज घोगरा होतो, अंगावर केस येतात, पाळी बिघडते, यकृतावर ताण येतो. पूर्व जर्मनीत १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारनेच शाळकरी वयाच्या मुलींना निळ्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की जीवनसत्त्वं आहेत. देश एक झाल्यावर कागद सापडले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथल्या क्रीडाप्रमुखाला आणि एका मोठ्या डॉक्टरला दोषी ठरवलं, पण प्रत्यक्ष तुरुंगात जावं लागलं नाही. त्या मुली तोवर मध्यम वयाच्या झाल्या होत्या.

आता परत बीजिंगला. वांग जुनशिया कधीही कुठल्याही तपासणीत सापडली नाही. हे मी स्वच्छ सांगते. मग संशय कशाचा? एक तर उडी फार मोठी होती. दुसरं, एकाच मास्तरांच्या इतक्या मुली एकाच आठवड्यात. तिसरं, नंतर या मुली परदेशात क्वचितच दिसल्या आणि त्यांतल्या बहुतेकींना तो वेग पुन्हा कधी गाठता आला नाही.

दुसऱ्या बाजूलाही वजन घालायला हवं. युरोपातल्या काही लोकांना चिनी शेतकऱ्याची मुलगी जिंकू शकते हेच पचत नव्हतं, असाही भाग त्यात होता. आणि गंमत बघा, ज्या बाईचे विक्रम मोडले म्हणून एवढी ओरड झाली, त्या रशियन तात्याना कजांकिनाचं काय? १५०० आणि ३ हजार मीटर, दोन्ही जुने विक्रम तिचेच. १९८४ साली पॅरिसमध्ये तिने उत्तेजक चाचणी द्यायला नकार दिला आणि तिच्यावर बंदी आली होती. म्हणजे संशयाच्या जुन्या विक्रमावर संशयाचा नवा विक्रम बसला. संशय हा पुरावा नसतो हे बायकांना वेगळं सांगायला नको. गावातली एखादी मुलगी शिकून नोकरीला लागली, रात्री उशिरा एसटीने उतरली, तरी लोक काय काय बोलतात ते आपण ऐकत आलोय. म्हणून इथे मी एवढंच म्हणेन की प्रश्न विचारणं रास्त होतं. पण तो विचारला गेला मुलींना, आणि विचारायला हवा होता मास्तरांना.

डिसेंबर १९९४ मध्ये त्या मुलींनीच हा प्रश्न पुढे आणला. वांग जुनशिया आणि तिच्या बरोबरीच्या अनेकजणी मा यांचं शिबिर सोडून बाहेर पडल्या. तक्रारी काय होत्या? मारहाण. क्षणभराचीही मोकळीक नाही. आणि पैसा. स्टुटगार्टला प्रत्येक विजेतीला बक्षीस म्हणून मर्सिडीज मोटार मिळाली होती. मोटारी आणि बक्षिसाच्या रकमा मुलींच्या नावाने आल्या आणि मास्तरांच्या ताब्यात राहिल्या, असं त्यांचं म्हणणं. बचत गटात आपण पासबुक स्वतःच्या हातात ठेवायला शिकलो ना, त्या मुलींकडे पासबुकच नव्हतं. त्यांनी पळून कमावलं आणि हिशेब दुसऱ्याने ठेवला.

चीनसारख्या देशात, विसाव्या-बाविसाव्या वर्षी, राष्ट्रीय मान मिळालेल्या माणसाला सोडून जाणं सोपं नव्हतं. नंतर वांगने दुसरे प्रशिक्षक धरले आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला गेली. बायकांची ५ हजार मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये तेव्हा पहिल्यांदाच होत होती. वांगने ती जिंकली. १० हजारमध्ये दुसरी आली. तिथे तिचा वेळ ३१ मिनिटं २ सेकंद होता, बीजिंगच्यापेक्षा दीड मिनिटाने जास्त. अटलांटाची उकाडी, डावपेचांची शर्यत, हे सगळं धरूनही तो फरक डोळ्यांत भरतो. पण मला त्यात दुसरंही दिसतं. मा यांच्याशिवाय, त्यांच्या रश्श्याशिवाय, तपासणीच्या नजरेखाली ही मुलगी ऑलिंपिकचं सोनं जिंकली. धावण्याची ताकद तिची स्वतःची होती, हे त्या दिवशी तिने दाखवलं.

मा यांचं काम थांबलं नाही. नवीन मुली आल्या. १९९७ च्या शांघायच्या राष्ट्रीय स्पर्धेत जिआंग बो नावाच्या मुलीने ५ हजार मीटरचा जागतिक विक्रम मोडला. पुन्हा मायदेशात, पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत. मग आलं २००० साल. सिडनी ऑलिंपिकच्या तोंडावर चीनने स्वतःच आपल्या २७ खेळाडूंना संघातून वगळलं. मा यांच्या सात धावपटू संघात होत्या, त्यांतल्या सहाजणींची नावं कापली गेली आणि मा स्वतःही घरी राहिले. काहींच्या रक्ततपासणीचे निकाल संशयास्पद आले होते. त्याच वर्षी इपीओची चाचणी सुरू होत होती, हे मी मघाशी सांगितलं. मा यांनी मात्र औषधांचा आरोप कधी मानला नाही.

एवढ्यावर गोष्ट विरून गेली असती. पण एक चिठ्ठी होती.

मुली शिबिर सोडून निघाल्या त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च १९९५ मध्ये, दहाजणींनी मिळून जाओ यू नावाच्या लेखकाला पत्र लिहिलं होतं. खाली दहा सह्या. त्यांत वांग जुनशियाचीही. पत्राचा आशय असा, की आम्ही माणसं आहोत, जनावरं नाही. मास्तरांनी वर्षानुवर्षं आम्हाला बंदी असलेली औषधं मोठ्या प्रमाणात घ्यायला लावली, हे खरं आहे. आणि त्याच पत्रात त्या असंही म्हणतात, की हे उघड करताना आमच्या मनाची ओढाताण होते, कारण देशाच्या नावाला बट्टा लागेल आणि आम्ही एवढ्या कष्टाने मिळवलेल्या पदकांची किंमत उतरेल.

जाओ यू यांनी मा यांच्या फौजेवर पुस्तक लिहिलं. ते १९९८ मध्ये आलं, पण औषधांबद्दलचं प्रकरण त्यातून वगळलेलं होतं. लोकांना सांगायचं तेच नेमकं आत राहिलं. पत्र चिनी प्रसारमाध्यमांत उघड झालं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. लिहिल्यानंतर जवळजवळ एकवीस वर्षांनी. सही करताना ज्या विशी-बाविशीच्या होत्या, त्या आता चाळिशी ओलांडलेल्या.

मला त्या पत्रातली दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. मारहाणीची तक्रार करताना बाईला अजिबात शंका नसते. पण इथे तक्रार केली की स्वतःचंच सोनं पितळ ठरणार होतं. ज्याने अन्याय केला त्याचं नाव घेतलं की आपलंही नाव त्याच यादीत जाणार. घरातला मार बाहेर सांगितला तर 'घराची अब्रू' जाते, ही भीती आपल्यातल्या कितीजणींनी पाहिली आहे. त्या मुलींच्या बाबतीत घराच्या जागी देश होता. तरी दहाजणींनी सही केली.

खेळाचा कायदा याबाबतीत कडक आहे. १९९९ मध्ये उत्तेजकविरोधी जागतिक संस्था स्थापन झाली आणि तिने नियम पक्का केला, की खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, काय सांगून दिलं, हे पुढचं. नियमामागचं कारण कळतं. नाहीतर प्रत्येकजण 'मला माहीत नव्हतं' म्हणेल. आता प्रशिक्षक आणि डॉक्टर यांनाही शिक्षा होऊ शकते, तसं नियमांत आहे. पण लघवीची बाटली तपासायला जाते ती मुलीची. सुई टोचणाऱ्याची बाटली कुणी तपासत नाही.

पत्र बाहेर आल्यावर जागतिक संघटनेने चीनकडे पत्राच्या खरेपणाबद्दल विचारणा केली. शिक्षेची मुदत केव्हाच टळून गेली होती, उत्तेजकांच्या नियमांत जुन्यात जुनं प्रकरण दहा वर्षांपर्यंतच उकरता येतं. विक्रम वहीत तसेच राहिले. ते मोडले धावणाऱ्या बायकांनीच. १५०० मीटरचा २०१५ मध्ये इथिओपियाच्या गेन्झेबे दिबाबाने. १० हजारचा १२ ऑगस्ट २०१६ ला, रिओ ऑलिंपिकमध्ये, इथिओपियाच्याच अल्माझ अयानाने, २९ मिनिटं १७ सेकंदांत. म्हणजे वांगचा आकडा २३ वर्षं टिकला, आणि ज्या दिवशी तो मोडला त्याच दिवशी लोकांनी अयानाकडे बोट दाखवलं, की हिनेही काहीतरी घेतलं असेल. तिने ठाम नाकारलं. एका माणसाच्या सुईचा डाग तीन पिढ्यांच्या मुलींवर पडतो, तो असा. त्याच रिओमध्ये सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची आपली ललिता बाबर तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत धावली आणि दहावी आली. तिच्यासारख्या मुलीने दहावं येण्यासाठी काय काय केलं असेल, आणि तिच्या पुढच्या नऊजणींबद्दल आपण नि:शंक असायला हवं की नको? चोख धावणारीचं नुकसान पदकाच्या पुढेही जातं. आपण नक्की कितव्या आलो हेच तिला कधी कळत नाही. सोनिया ओ'सलिवनला स्टुटगार्टचं पदक आजतागायत मिळालेलं नाही.

हे सगळं आपल्याला जवळचं का, तर पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर बघा. पोलीस भरतीसाठी मुली पळत असतात. भरतीत त्यांना ८०० मीटर पळावं लागतं आणि सेकंदावर गुण मिळतात. भरतीच्या मैदानांवर उमेदवारांकडे इंजेक्शनं-गोळ्या सापडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. उत्तेजकांत सापडणाऱ्या खेळाडूंच्या जागतिक आकडेवारीत भारत गेली काही वर्षं वरच्या जागांवर आहे, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. आपल्या मुली ज्या अकादमीत जातात तिथले सर बहुतेक ठिकाणी भले असतात, उन्हातान्हात उभे राहून शिकवतात. तरी 'ताकदीचं आहे, घे' म्हणून बिन-नावाची पुडी, लेबल काढलेली बाटली किंवा सुई पुढे आली, तर त्यावर काय लिहिलंय, कुठल्या डॉक्टरने दिलंय, चिठ्ठी कुठे आहे, हे मुलीला विचारता आलं पाहिजे. आणि तिच्या वतीने तिच्या आईला. आईला धावण्यातलं कळत नसेल, पण बाळाच्या डोसाची बाटली वाचून घेणारी बाई मोठ्या मुलीच्या सुईबद्दल गप्प का बसेल?

वांग जुनशिया पुढे अमेरिकेत राहायला गेली. २०१२ मध्ये जागतिक संघटनेने तिचं नाव आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घेतलं. तिच्या सहीचं पत्र त्यानंतर चार वर्षांनी बाहेर आलं, ते नाव यादीतून काढलेलं नाही. आणि ३ हजार मीटरचा तिचा ८ मिनिटं ६ सेकंदांचा आकडा तीस वर्षं उलटून गेल्यावरही विक्रमांच्या वहीत आहे. समोर नाव तिचं एकटीचं आहे. मास्तरांचं नाव तिथे लिहायची पद्धत नाही.